मृत्यूनंतर जाणीव उरते का? संशोधनाच्या हाती काय आले आणि कुटुंबांनी काय लक्षात घ्यावे

मृत्यूनंतर माणसाची जाणीव कोणत्या तरी रूपात टिकून राहते काय, हा प्रश्न धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्याइतकाच आता वैद्यकशास्त्राचाही झाला आहे. गेल्या पन्नास वर्षांत त्याचा मागोवा रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि मानसशास्त्रज्ञांच्या मुलाखतींतून घेतला गेला. त्यातील एक बहुचर्चित प्रकरण मराठी घरातील आहे. या अभ्यासांतून काय निष्पन्न झाले, काय झाले नाही आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

एका मृत्यूच्या दोन नोंदी

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील पंडरी हा भाग कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. जिल्हा रुग्णालयही याच भागात आहे. कोणत्याही रुग्णालयाप्रमाणे येथेही मृत्यूची नोंद तास आणि मिनिटे लिहून केली जाते. कागदावर त्या क्षणी सारे संपलेले असते.

घरी मात्र ते तसे संपत नाही. छत्तीसगडी कुटुंबांत दहाव्या दिवशी 'दशगात्र' होते. मराठी कुटुंबांत दहाव्याला पिंड ठेवून कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. कावळा लवकर शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असावी, असे मानून ती पूर्ण करण्याचे वचन मोठ्याने दिले जाते. या विधीमागील गृहीत स्पष्ट आहे : देह गेला तरी ऐकणारा, इच्छा बाळगणारा कोणी तरी अजून जवळपास आहे.

रायपूरमधील मराठी वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनची आहे. 'छत्तीसगढ मित्र' या मासिकाचे संपादक माधवराव सप्रे यांचे दीर्घकाळ वास्तव्य याच शहरात होते आणि १९२६ मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. मातृभाषा मराठी असलेल्या सप्रे यांनी समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हे दोन्ही ग्रंथ हिंदीत आणले. टिळकांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थूल देह पडल्यावर पुढे काय जाते, या प्रश्नाचा विचार करताना त्यांनी सांख्यांच्या लिंगशरीराची सविस्तर चर्चा केली आहे. बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये आणि पाच तन्मात्रे अशा अठरा तत्त्वांचे हे सूक्ष्म शरीर एका देहातून दुसऱ्या देहात जाते, अशी ती मांडणी आहे.

याच्या नेमके उलट उत्तरही मराठी मुलुखाने ऐकले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले. देहातील भौतिक घटक निसर्गात मिसळतात आणि पुन्हा आकार घेतात. परंतु तोच माणूस, तोच आत्मा घेऊन परत येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

म्हणजेच 'जाणीव उरते' हे आपल्याकडील एकमेव उत्तर कधीच नव्हते. प्रश्न पुराव्याचा आहे आणि पुराव्याच्या शोधात निघाल्यास पहिला मुक्काम नागपूरलाच पडतो.

नागपूरची 'शारदा'

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. याच शहरात १९७४ मध्ये एका सुशिक्षित, तिशीतील मराठी प्राध्यापिकेच्या वागण्यात अकस्मात बदल झाला. त्या काळात त्या उपचारांसाठी एका आश्रमवजा संस्थेत राहत होत्या आणि ध्यानधारणाही करीत होत्या. त्या बंगाली बोलू लागल्या, बंगाली पद्धतीने साडी नेसू लागल्या आणि आपले नाव 'शारदा' असल्याचे सांगू लागल्या. या अवस्थेत त्यांना मराठी कळत नसे आणि आईवडिलांची ओळखही पटत नसे. ही अवस्था कधी एक-दोन दिवस, तर कधी कित्येक आठवडे टिकत असे. त्यानंतर त्या पूर्ववत होत आणि मधल्या काळातील काहीही त्यांना आठवत नसे.

'शारदे'ने वर्णन केलेले जग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बंगालचे होते. आधुनिक उपकरणे तिला अपरिचित वाटत. गरोदर असताना पायाला सर्पदंश झाला, इथपर्यंतचे तिला आठवत होते, त्यापुढचे नव्हते. तिने आपले वडील आणि इतर पुरुष नातेवाइकांची नावे सांगितली. बंगालमधील बांसबेरिया येथील एका घराण्याच्या वंशावळीत त्यांपैकी अनेक नावे आढळली.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा तपास केला. अकोलकर या मराठी मानसशास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे दीर्घ अभ्यास करून १९९२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. न शिकलेली भाषा बोलता येणे हा या प्रकरणाचा गाभा होता. आठवणी ऐकीव असू शकतात. परंतु भाषा हे कौशल्य आहे आणि कौशल्य सरावाविना येत नाही, असा स्टीव्हन्सन यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील कच्चे दुवेही तपासाच्या नोंदींतूनच पुढे आले. या प्राध्यापिकांना बंगालविषयी पूर्वीपासून ओढ होती, बंगाली साहित्य त्यांनी भाषांतरातून वाचले होते आणि बंगाली लिपीची त्यांना काहीशी ओळख होती. नागपुरात बंगाली भाषकांची वस्ती जुनी आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या अनुवादांतून मराठी घराघरांत पोहोचल्या होत्या. बंगाली गाव, तेथील सुना आणि तेथील दुःखे मराठी वाचकाला परकी नव्हती. वंशावळीत केवळ पुरुषांची नावे असल्याने शारदा नावाची स्त्री खरोखरच होऊन गेली, याचा पुरावा मिळाला नाही.

भाषेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी तोलावा लागतो. मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांत संस्कृत शब्दांचा भरणा मोठा असल्याने सुशिक्षित मराठी माणसाला बंगाली मजकुराचा आशय पुष्कळदा लागतो. मात्र आशय लागणे वेगळे आणि आठवडेच्या आठवडे त्या भाषेत संवाद करणे वेगळे. त्यामुळे केवळ 'पुस्तके वाचली असतील' एवढ्यावर प्रकरण निकालात निघत नाही. त्याच वेळी 'पूर्वजन्म सिद्ध झाला' असेही म्हणता येत नाही. स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनी १९७९ मध्ये एका अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही 'दुय्यम व्यक्तिमत्त्व' हीच वैद्यकीय संज्ञा वापरलेली आहे. एकाच मनात दुसरे व्यक्तिमत्त्व उभे राहते, ही मानसोपचारशास्त्राला परिचित अवस्था आहे. शारदेची भाषा कोठून आली, एवढाच भाग त्या संज्ञेतून सुटत नाही.

हृदय थांबल्यानंतरचे अनुभव

पुराव्याचा दुसरा मार्ग रुग्णालयांतून जातो. १९७५ मध्ये अमेरिकेतील रेमंड मूडी यांनी मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्या व्यक्तींचे अनुभव पुस्तकरूपाने मांडले. बोगदा, प्रकाश, शांतता, स्वतःचा देह वरून दिसणे, दिवंगत आप्तांची भेट अशी वर्णने त्यात होती. मात्र या आठवणी घटनेनंतर बऱ्याच काळाने सांगितल्या गेल्या असल्याने त्यांची पडताळणी कठीण होती.

पुढील संशोधकांनी पद्धत बदलली. नेदरलँड्समधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी दहा रुग्णालयांत हृदयक्रिया थांबून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांना शुद्धीवर येताच प्रश्न विचारले. २००१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६२ रुग्णांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी, असा अनुभव आल्याचे सांगितले. उर्वरित ८२ टक्के लोकांना काहीही आठवत नव्हते. या दोन्ही आकड्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सॅम पार्निया यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाने थेट परीक्षाच घेतली. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रिया येथील १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवण्यात आली. देह सोडून वर तरंगल्याचे सांगणाऱ्या रुग्णाला ती चित्रे दिसावयास हवी होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयक्रिया बंद पडल्याच्या २,०६० घटनांची नोंद झाली. १४० जणांची मुलाखत घेता आली आणि त्यांपैकी १०१ जणांची सविस्तर. नऊ जणांचे अनुभव 'मृत्युसमीप' वर्गात मोडले. दोघांनी आजूबाजूचे पाहिल्या-ऐकल्याचे सांगितले आणि त्यांपैकी एकाचे वर्णन पडताळणीत जुळले. फळीवरील चित्र मात्र कोणीही सांगू शकले नाही. बहुतेक घटना तशी फळी नसलेल्या जागीच घडल्या होत्या.

याच गटाच्या २०२३ मधील दुसऱ्या अभ्यासात ५६७ रुग्ण होते. त्यांपैकी ५३ वाचले आणि २८ जणांची मुलाखत झाली. अकरा जणांना काही ना काही जाणीव अथवा आठवण होती. या वेळी मेंदूतील विद्युत्‌लहरीही मोजण्यात आल्या. छाती दाबून हृदयाला चालना देण्याचे प्रयत्न सुरू असताना, काही रुग्णांत ३५ ते ६० मिनिटांपर्यंत, जाणिवेशी सुसंगत अशा लहरी मधूनमधून दिसल्या. चित्र ओळखणारा याही वेळी कोणी निघाला नाही.

चित्रगुप्ताची वही

हे अनुभव सर्वत्र सारखे असते, तर त्यामागे एकच स्थळ असावे, असे म्हणण्यास काही आधार मिळाला असता. भारतातील नोंदी वेगळेच सांगतात. पसरिचा आणि स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातील अशा १६ प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. येथील लोकांना बोगदा आणि प्रकाश क्वचितच दिसला. त्यांना न्यावयास यमदूत आले होते. पुढे वही घेऊन बसलेल्या व्यक्तीने नाव तपासले, तेव्हा भलत्याच माणसाला आणल्याचे उघड झाले आणि त्यांची परत पाठवणी झाली. स्वतःचा देह वरून पाहिल्याचे वर्णनही येथे आढळले नाही. अमेरिकी रुग्णांच्या कथनात परत येण्याचे कारण 'तुझी वेळ अजून आलेली नाही' असे असते, तर भारतीय कथनात कार्यालयीन चूक झालेली असते.

यावरून अनुभव खोटा ठरत नाही. सांगणारा प्रामाणिक असतो आणि पुष्कळदा त्याचे उर्वरित आयुष्यही बदलते. परंतु त्या अनुभवातील चित्रे, माणसे आणि कारभार हे सारे सांगणाऱ्याच्या संस्कारांतून आलेले दिसते. मन अखेरच्या संकटातही आपल्याच घरातील सामान वापरते, असे त्याचे वर्णन करता येईल.

मेंदूची अखेरची मिनिटे

रक्तपुरवठा थांबल्यावर काही सेकंदांतच मेंदूच्या विद्युत्‌लहरी मंदावतात आणि शुद्ध हरपते. तथापि पेशी त्याच क्षणी मरत नाहीत; त्यांचा नाश हळूहळू होतो. मिशिगन विद्यापीठातील जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये नऊ उंदरांवरील प्रयोगांत हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या ३० सेकंदांत उच्च वारंवारतेच्या लहरींची लाट उसळल्याचे दाखवून दिले. २०२३ मध्ये त्यांच्याच गटाने कृत्रिम श्वसन काढून घेतलेल्या चार बेशुद्ध रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी दोघांत अशीच लाट आढळली. त्या दोघांना त्या वेळी काही जाणवले काय, हे कळण्याचा मार्ग नाही. कारण ते परत आले नाहीत.

येथेच या संशोधनाची मर्यादा आहे. ज्यांनी अनुभव सांगितला, ते मरण पावलेले नव्हते आणि जे मरण पावले, त्यांनी काही सांगितलेले नाही. शिवाय आठवण नेमकी केव्हा तयार झाली, हृदय बंद असताना की शुद्ध परत येताना, हे रुग्णाला स्वतःलाही ठरवता येत नाही. त्यामुळे आजच्या पुराव्यावरून एवढेच म्हणता येते की, मृत्यू ही एका क्षणाची घटना नसून काही काळ चालणारी प्रक्रिया आहे आणि त्या प्रक्रियेच्या प्रारंभीच्या भागात जाणीव शिल्लक असू शकते. प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतरची जाणीव कोणीही मोजलेली नाही.

एक शब्द, तीन अवस्था

या चर्चेचा सर्वाधिक परिणाम होतो तो अतिदक्षता विभागात. 'मरून परत आलेल्या' माणसाची बातमी वाचलेली असते आणि डॉक्टर 'आता परत येणे नाही' असे सांगत असतात. अशा वेळी नातेवाइकांनी तीन अवस्थांतील फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

पहिली अवस्था हृदयक्रिया बंद पडण्याची. येथे तातडीच्या उपचारांनी माणूस परतू शकतो. वर सांगितलेले रुग्णालयांतील अभ्यास याच अवस्थेतील लोकांचे आहेत.

दुसरी अवस्था दीर्घकालीन जड बेशुद्धीसारखी. यात मेंदूचा वरचा भाग गंभीररीत्या निकामी झालेला असतो, परंतु मेंदूचा तळाचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, जिवंत असतो. रुग्ण स्वतः श्वास घेतो आणि डोळेही उघडतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे अशा अवस्थेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या बाबतीत उपचार थांबविण्याची परवानगी नाकारली. त्यांना काही जाणवत असावे, ही त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची श्रद्धा होती. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी अवस्था मस्तिष्कस्तंभ मृत्यूची. श्वास चालविणारे केंद्रच कायमचे बंद झालेले असते. कृत्रिम श्वसनयंत्रामुळे छाती हलत राहते, हृदय काही काळ धडधडते, अंग उबदार लागते. नातेवाइकांना हा माणूस झोपल्यासारखा दिसतो. परंतु या अवस्थेतून कोणीही परत येत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार हा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो, आवश्यक चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर त्या मंडळात असू शकत नाहीत.

पहिल्या अवस्थेतील कथा तिसऱ्या अवस्थेला लावली गेली, तर कुटुंबाची दुहेरी हानी होते. न येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात दिवस आणि पैसा जातो आणि मूत्रपिंडे, यकृत, हृदय यांच्या प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या कोणाची संधीही निघून जाते. 'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल' ही समजूतही अद्याप ऐकू येते. आत्मा देह सोडून पुढे जातो, असे मानणाऱ्या परंपरेत या समजुतीला आधार सापडत नाही; आपल्या अस्थी देऊन टाकणारा दधीची ऋषी त्याच परंपरेतील आहे. नेत्रदानासाठी तर मस्तिष्कस्तंभ मृत्यूचीही अट नाही. घरी मृत्यू झाला तरी साधारणतः सहा तासांच्या आत ते करता येते.

श्रद्धेचा गैरफायदा

जाणीव उरते की नाही हे अनिर्णित असल्याचा लाभ घेणारेही आहेत. 'तुमच्या मृत मुलाशी बोलणे करून देतो' असे सांगून दुःखी आईवडिलांकडून पैसे उकळले जातात. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि 'पूर्वजन्मी तू माझी पत्नी होतीस' असे भासवून लैंगिक शोषण करणे हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. छत्तीसगडमध्ये स्त्रियांना 'टोनही' म्हणजे चेटकीण ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध २००५ पासून स्वतंत्र कायदा आहे. हे कायदे कोणाची श्रद्धा तपासत नाहीत. श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याला इजा पोहोचली काय, एवढेच ते पाहतात.

निष्कर्ष

मृत्यूनंतर जाणीव टिकते, असे सिद्ध झालेले नाही. ती टिकत नाही, हेही प्रयोगाने दाखविता आलेले नाही. मात्र जाणिवेची प्रत्येक मोजता आलेली खूण जिवंत मेंदूपाशीच सापडली आहे. नागपूरच्या शारदेचे कोडे पूर्णतः सुटलेले नाही, परंतु न सुटलेले कोडे म्हणजे पुरावा नव्हे.

दहाव्याच्या पिंडापाशी उभे राहून गेलेल्या माणसाला वचन देणे हा प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा प्रश्न आहे आणि विज्ञानाला त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. रुग्णालयातील निर्णय मात्र वेळेत घ्यावे लागतात. त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न नेमकेपणाने विचारावा : हृदय थांबले आहे, रुग्ण बेशुद्ध आहे की मस्तिष्कस्तंभ मृत झाला आहे? त्याचे उत्तर आज निश्चितपणे देता येते आणि पुढचे निर्णय त्या उत्तरावर घ्यावयाचे असतात.